एक्याऐंशीचे पाच चेंडू

केडन ब्रॉड्रिक वाईट क्वार्टरबॅक आहे, त्याला चेंडू हातानं नीट फेकता येत नाही, असं आमच्या गावात ज्याला ज्याला वाटतं, त्याला फुटबॉल कळत नाही. सोमवारी सकाळी मार्गीच्या हॉटेलात अंडी-बटाटे टेबलावर यायच्या आतच मी हे जाहीर करून टाकलं. आदल्या शनिवारी आमचे बगळे सलग तिसरा सामना हरले होते. कॉलेजच्या संघाचं नाव बगळे, निळ्या जर्सीवर पांढरा बगळा. त्या आठवड्यात गावातल्या प्रत्येक टेबलावर त्याची पिसं काढणं चालू होतं.

"नऊ वेळा!" कर्टिस म्हणाला. कर्टिसनं पस्तीस वर्षं गावात टपाल वाटलं, त्यामुळे प्रत्येक घराबद्दल त्याला मत असतं. "चार सामन्यांत नऊ वेळा चेंडू समोरच्यांच्या हातात दिलाय पोरानं. आपली जर्सी निळी असते, एवढं तरी सांगा रे कोणीतरी त्याला."

"त्याला फेकायला वेळ मिळतो का? उन्हाळ्यात सात जण त्या बदलीच्या पोर्टलवर नाव घालून दुसऱ्या कॉलेजांत पळाले. त्याला वाचवायला पुढे लाइनीत पाच माणसं लागतात, आपल्याकडे धड साडेचार आहेत."

"अर्धा कोण?"

"उजवीकडचा. गुडघा बांधून खेळतो तो."

"मग टेक्सासहून आणलेला सहा फूट पाच इंचाचा दुसरा क्वार्टरबॅक बसवून ठेवलाय, त्याचं काय लोणचं घालायचंय?" कर्टिसनं काटा माझ्याकडे रोखला. "शनिवारी केल्टन कॉलेजशी गाठ आहे. पहिल्या दोन डावांत केडननं काही केलं नाही तर त्याला कायमचा बाहेर बसवणार, असं कोच स्वतः म्हणालेत."

"टेक्सासवाल्याला उभा केलात तर तोही त्याच जागी आडवा होईल, लेका. फक्त लांबीला जास्त भरेल."

मार्गी कॉफी ओतता ओतता हसली. कर्टिस हरायला लागला की नेहमी जिकडे वळतो, तिकडेच वळला. "वेंडेलला विचारू या. एका दुपारी पाच चेंडू देण्याचा विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे."

वेंडेल प्रुइट आमच्या टेबलावरचा तिसरा. त्याचं टायरचं दुकान आहे. एक्याऐंशी साली तो आमचा क्वार्टरबॅक होता आणि केल्टनविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात त्यानं फेकलेले पाच चेंडू केल्टनच्या पोरांनी झेलले. विजेतेपद तिथेच गेलं. तेव्हापासून गावात कोणाच्या हातून कप निसटला तरी लोक म्हणतात, प्रुइट झाला.

"सहावाही दिला असता," वेंडेल शांतपणे म्हणाला, "पण त्यांच्याच हातून निसटला."

सगळे हसले. हे वाक्य तो त्रेचाळीस वर्षं म्हणतोय आणि लोक त्रेचाळीस वर्षं हसताहेत. मी बटाट्यांवर मीठ टाकत राहिलो, एकदा टाकलेलं असूनही.

मीही त्या संघात होतो. लाइनीत डाव्या टोकाला. क्वार्टरबॅक चेंडू फेकायला मागे सरकला की त्याच्या पाठीशी येणाऱ्याला अडवायचं, हे माझं काम. आणि मी ते झकास करायचो, कोणालाही विचारा. पण पुढच्या वसंतात आमच्या म्हाताऱ्या कोचनं मला खोलीत बोलावून चित्रफीत दाखवली. चेंडू घेऊन पळायचा डाव असला की तो सुरू व्हायच्या आधीच मी पुढे झुकायचो, हाताची बोटं मातीत रुतायची. फेकायचं असलं की हात नुसता गवताला टेकलेला. केल्टनवाल्यांनी ते हेरलं होतं. वेंडेल फेकणार हे त्यांना चेंडू हलायच्या आत कळत होतं, आणि त्यांचा अख्खा बचाव मागे जाऊन झेल घ्यायला उभा राहत होता. कोच म्हणाले, झालं ते झालं, हे इथेच राहू दे. ते वारले, आणि ते माझ्यापाशी राहिलं.

सांगायचं मनात नव्हतं असं नाही. सुरुवातीला लाज वाटली, मग उशीर झाला, मग इतका उशीर झाला की उशीर झाल्याचीच लाज वाटायला लागली.

आणि आता रविवारभर शनिवारच्या सामन्याच्या रेकॉर्डिंगमधले निवडक डाव अकरा वेळा पाहून माझी खात्री पटली होती: आमचा डाव्या टोकाचा मलाकाई, एकशे पंचेचाळीस किलोंचा गुणी मुलगा, तेच करत होता. तीच बोटं. खापर मात्र केडनवर फुटत होतं.

शहाण्या माणसानं कोचांना गुपचूप फोन केला असता. पण कर्टिस म्हणाला, "एवढी अक्कल आहे तर गुरुवारी माइकवर येऊन बोल की." मला असं कोणी म्हणायची खोटी.

दर गुरुवारी संध्याकाळी नदीकाठच्या मासळीच्या हॉटेलातून कोच रेनरांचा कार्यक्रम रेडिओवर थेट लागतो. ते कोंबडीचे पंख खात बसतात आणि लोक रांग लावून त्यांना अक्कल शिकवतात. माझा नंबर आला. समोरच्या टेबलावर कर्टिस, त्याच्या शेजारी वेंडेल, ताटात तळलेला मासा.

"कोच," मी म्हणालो, "केडन बरोबर फेकतोय. तुमचा मलाकाई सगळं फोडतोय. पळायचं असेल तेव्हा त्याची बोटं गवतात रुततात, फेकायचं असेल तेव्हा वर राहतात. आंधळ्यालाही दिसेल."

कोचांनी पंख खाली ठेवला. मला वाटलं, काय गार केलं सगळ्यांना! मग मागून एक बाई ओरडली, "अरे मूर्खा, हे केल्टनमध्येही ऐकतात!"

साडेतीनशे मैलांच्या टापूत हा कार्यक्रम ऐकू जातो. माझ्याच संघाच्या पायावर मी स्वतः धोंडा टाकला होता.

कोच नुसतं म्हणाले, "धन्यवाद. पुढचा प्रश्न." पण सूत्रसंचालक ग्लेन कसला सोडतोय. "एक मिनिट, ऑर्व्हल. कोचांच्या सहा सहायकांना दिसलं नाही ते तुला कसं दिसलं?"

सगळं हॉटेल माझ्याकडे पाहत होतं, कीव करत. मला कीव सहन होत नाही. ताठ्यानं जो माझा घात केला तो तिथे केला.

"कारण मी तेच करायचो!" मी माइकमध्ये ओरडलो. "एक्याऐंशीला केल्टननं माझ्या बोटांवरून आपले डाव ओळखले!"

पुढचं काय ते सगळ्यांनी आपापलं लावलं. वेंडेलनं माशाचा तुकडा परत ताटात ठेवला, रुमालानं बोटं एकेक करून पुसली, टोपी घेतली आणि गेला.

शुक्रवारी त्यानं फोन उचलला नाही. बाकीच्यांनी मात्र मला न चुकता फोन केले. केल्टनला सामन्याची पूर्ण योजनाच पाठवायची होतीस, पाकिटाचा खर्च आम्ही दिला असता, वगैरे. कर्टिस म्हणाला, "मी तुला माइकवर जा म्हणालो, हे कोणाला सांगू नकोस." मी सांगितलं, माझ्यावर भरवसा ठेव, मी गोष्टी चांगल्या लपवतो. तो हसला नाही.

शनिवारी सकाळी सातला मी मैदानाबाहेरच्या पटांगणात नेहमीच्या जागी गाडी लावली. सामना बाराला, पण आमच्याकडे खरा दिवस तिथेच सुरू होतो. शेकडो गाड्या, पन्नासेक तंबू, प्रत्येकासमोर शेगडी, डुकराच्या मांसाचा धूर. शेजारच्या तंबूनं मला 'सुप्रभात' म्हटलं नाही. मी शेगडी पेटवत होतो तेवढ्यात वेंडेल समोर येऊन उभा राहिला. जुन्या संघाचं निळं जाकीट घातलं होतं त्यानं, वीस वर्षांत पहिल्यांदा.

"वेंडेल, मी..."

"मला नको सांगू. मी ऐकलं रेडिओवर, सगळ्यांबरोबर." त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "शेगडी विझव. चल."

"कुठे?"

"पहिल्या तंबूपासून."

आणि आम्ही निघालो. वेंडेल तंबूसमोर थांबायचा, लोक गप्प झाले की माझ्याकडे बघायचा. मग मी सांगायचो. एक्याऐंशीचे ते पाच चेंडू माझे होते, त्याचे नव्हते. मला कळलं होतं आणि मी बोललो नाही. पहिल्या तंबूत मी कारणं द्यायला लागलो, तर वेंडेल म्हणाला, "तेवढं नको." मग मी तेवढं सोडून दिलं.

काहींनी मला शिव्या घातल्या. काहींनी वेंडेलच्या हातात भरलेला पाव ठेवला. दंतवैद्य होता एक, त्यानं आपल्या कुत्र्याचं नावच प्रुइट ठेवलं होतं, कारण त्याला चेंडू झेलता येत नसे. तो माणूस लालबुंद झाला आणि कुत्र्याकडे बघत राहिला. वेंडेल खाली वाकला, कुत्र्याला थोपटलं आणि म्हणाला, "राहू दे, आता सवय झाली असेल त्याला." पंधराव्या तंबूपर्यंत मला घाम फुटला होता. तिसाव्यापर्यंत मी अडखळायचा थांबलो. खरं सांगायला लागलं की जमतं, हे मला चौसष्टाव्या वर्षी कळलं.

बारा वाजले. पटांगण रिकामं झालं, आत गर्जना झाली. मी मैदानाकडे पाहिलं.

"अजून आहेत," वेंडेल म्हणाला.

आत न गेलेले म्हातारे तंबूंत रेडिओ लावून बसले होते. अशाच एका तंबूत मी एक्याऐंशी म्हणायला तोंड उघडलं आणि निवेदक किंचाळायला लागला. पहिलाच डाव. मलाकाईनं बोटं गवतात अशी रुतवली की मातीचं ढेकूळ निघालं. केल्टनचा सगळा बचाव, रेडिओ ऐकून शहाणा झालेला, पळणाऱ्याला पकडायला पुढे धावला. आणि केडननं शांतपणे त्यांच्या डोक्यावरून साठ यार्डांवर चेंडू टाकला. झेलायला पुढे एकटाच, निळ्या जर्सीतला आपला मुलगा. तो चालत गेला असता तरी चाललं असतं.

कोच रेनरांनी धन्यवाद मनापासून म्हटलं होतं तर!

म्हाताऱ्यांनी मला मिठ्या मारल्या. मी छाती काढली, खोटं कशाला बोलू. "बघितलंस?" मी वेंडेलला म्हणालो. "केडन जाग्यावर आहे आता. वर्षभर कोणी हलवत नाही त्याला."

वेंडेल रेडिओकडेच पाहत होता. "समोर कोणी नाही," तो म्हणाला. "नुसतं मोकळं गवत आणि आपला माणूस. मला तसं कधी दिसलंच नाही रे त्या दिवशी. मला वाटायचं, माझे डोळेच वाईट आहेत."

माझी छाती जागच्या जागी बसली. "तुझे डोळे चांगले होते," मी म्हणालो. "तुझा हात तर आमच्या सगळ्यांत चांगला होता. मी तुझं वाटोळं केलं, वेंडेल."

त्यानं मान डोलावली, आणि आम्ही पुढच्या तंबूकडे निघालो.

मध्यंतरापर्यंत सांगायला फक्त एक गाडी उरली. पटांगणाच्या पार टोकाला, मेपलच्या झाडाखाली, वेंडेलच्या बहिणीची. घडीच्या खुर्चीत त्याची आई बसली होती, नव्वदीची, गुडघ्यांवर गोधडी. ती दर शनिवारी लेकीबरोबर येते, जेवते, पण आत जात नाही. एक्याऐंशीच्या त्या दुपारी तिच्या मागच्या रांगेतली माणसं तिच्या मुलाबद्दल जे ओरडली, ते ऐकून ती बाहेर पडली होती. त्यानंतर ती कधी आत गेली नाही.

"ही शेवटची," वेंडेल म्हणाला. "आणि जोरात बोल. तिला ऐकू येत नाही."

"मिसेस प्रुइट," मी सुरुवात केली.

"काय?"

मग मी ओरडून सांगितलं. झाडावरचे पक्षी उडाले. त्या चेंडूंत तुमच्या मुलाची काही चूक नव्हती, चूक माझी होती, आणि हे मला त्रेचाळीस वर्षं माहीत होतं.

ती माझ्याकडे वळली. "म्हणजे माझा मुलगा बरोबर फेकत होता."

"हो."

"तू माझ्या घरी किती वेळा जेवलास, ऑर्व्हल?"

"मोजलं नाही, मिसेस प्रुइट."

"मीही नाही मोजलं," ती म्हणाली.

याहून वाईट मला त्या दिवशी पन्नास तंबूंत कोणी बोललं नव्हतं. ती वेंडेलकडे वळली. "खेळ किती उरलाय?"

"अर्धा, आई."

तिनं गोधडी बाजूला केली आणि उठायला त्याचा हात धरला. वेंडेलचा चेहरा मला दिसत नव्हता. तो तिच्या पायातले बूट नीट करायला खाली वाकला होता आणि वाकलेलाच राहिला.

"खुर्चीतली उशी घे," ती मला म्हणाली. "आतले बाक फार गार असतात."

ते लाकडी बाक काढून वीस वर्षं झाली होती. तरी मी उशी काखेत घेतली आणि त्या दोघांच्या मागून फाटकाकडे चालू लागलो.