मयत जाईबाईंचा अर्ज

द्वैभाषिक राज्य झालं त्याच महिन्यात रघुवीर मास्तरांनी काळाचौकीच्या आमच्या चाळीत बैठक बोलावली. मास्तर म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायचे आणि उरलेला वेळ समितीचं काम करायचे. "संयुक्त महाराष्ट्रासाठी आपण काय करू, ते प्रत्येकानं सांगा," असं ते म्हणाले मात्र, पुरुषमंडळी एकापाठोपाठ एक प्राण द्यायला तयार झाली. गिरणीच्या लूमखात्यातल्या लवूनं तर रक्ताचा शेवटचा थेंब देऊ केला. त्याची बायको कालिंदी दारात उभी राहून ऐकत होती. हाच लवू सकाळी दाढी करताना जरासं कापलं म्हणून तुरटीसाठी घर डोक्यावर घेऊन बसला होता.

"रक्त सध्या राहू द्या," मास्तर म्हणाले. "निवडणूक जवळ आली आहे. ही मतदारयादी. आपली नावं त्यात आहेत का, एवढं कोणी तपासून देईल?"

सगळ्यांना कामं आठवली. कोणाची रात्रपाळी होती, कोणाचा चष्मा फुटला होता.

"द्या इकडे, मी बघते," कालिंदी म्हणाली. ती सातवी पास होती. गावाहून आलेली पत्रं वाचण्यापलीकडे त्या सातवीला आजवर काही काम मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर ती बोट लावून यादी वाचत बसली. आपल्या खोलीपाशी आली आणि थांबली. सासूच्या नावापुढे 'मयत' असं लिहिलं होतं. सासू, म्हणजे जाईबाई, समोरच बसून सुकट निवडत होती.

"आई, यात तुम्ही वारलात असं लिहिलंय."

जाईबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "माका कोणी मारल्यान?"

याचा उलगडा संध्याकाळी लवू गिरणीतून आल्यावर झाला. यादी करणारा माणूस जूनमध्ये घरी आला होता. जाईबाई तेव्हा भातलावणीला गावी होती आणि लवू मित्रांबरोबर पत्ते खेळत होता.

"त्यानं विचारलं, जाईबाई कुठे? मी म्हटलं, गेली."

"मग?"

"कधी, म्हणाला. मी म्हटलं, झाले आठ दिवस. तेव्हा त्यानं टोपी काढली." लवू खाली बघत पुढे म्हणाला, "मला वाटलं, उकडत असेल."

जाईबाई त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. जेवायला वाढलं, पण ताट जरा लांबूनच सरकवलं. तोवर तिला राजकारणाशी काही देणंघेणं नव्हतं. मुंबई कोणाची, यावर गॅलरीत वाद चालले की ती "नळाला पाणी कधी येणार, ते बोला" म्हणायची. पण आपण जिवंत आहोत की नाही हे दुसऱ्या कोणी ठरवावं, हे तिला सोसेना.

हरकतींसाठी पंधराच दिवस होते. मास्तरांनी अर्ज लिहून दिला, जाईबाईनं अंगठा उठवला आणि सुनावणीला सासू, सून आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेला लवू अशी तिघं कचेरीत गेली.

"अर्जदार कोण?" साहेबांनी विचारलं.

"मी. जित्ती आसंय," जाईबाई म्हणाली.

"दिसतंय," साहेब म्हणाले. "पण ही माहिती तुमच्याच घरातून आलेली आहे."

लवू पुढे झाला. "साहेब, मीच सांगितलं होतं. ती गावाला गेली होती. तेवढं 'गावाला' म्हणायचं राहिलं."

साहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि अर्जावर 'मंजूर' असा शेरा मारला.

परत येताना जाईबाईनं सुनेला विचारलं, "माझा असा झाला, तर बाकीच्यांचा कोण बघता?"

तेव्हापासून दोघी रोज दुपारी बाहेर पडू लागल्या. जाईबाई दार वाजवायची, कालिंदी यादी वाचायची. नळावरच्या भांडणांत कमावलेला जाईबाईचा आवाज तिन्ही मजल्यांना पुरायचा. कोणी "सवडीनं बघू" म्हणालं, तर ती उंबऱ्यातच बसकण मारायची. आमची चाळ चार दिवसांत झाली.

पाचव्या दिवशी कालिंदी मागच्या चाळीकडे वळली. तिथे नुकतीच दीक्षा घेतलेली बौद्ध कुटुंबं राहत होती. दोन चाळींच्या मध्ये फक्त एक गटार होतं, पण तीस वर्षांत जाईबाईनं ते ओलांडलं नव्हतं. का, हे कोणी तिला विचारलं नव्हतं आणि तिनंही स्वतःला विचारलं नसावं. ती गटाराशी थांबली. कालिंदी मागे वळून बघत उभी राहिली. जाईबाईनं लुगडं जरा वर धरलं आणि ओलांडलं.

पहिलंच दार गंगुबाईचं होतं. तिच्या मजल्यावरचं एकही नाव यादीत सापडलं नाही. यादीवाला आला तेव्हा सगळे कामावर होते, दारांना कुलपं होती. "आता कोण लिहिणार ही नावं?" गंगुबाईनं विचारलं.

"ही लिहिता," जाईबाईनं सुनेकडे हात केला. "तू सांग."

कालिंदी अंधार पडेपर्यंत लिहीत राहिली. मध्येच गंगुबाईनं चहा केला आणि दोन कप पुढे ठेवून ती बाजूला झाली. कालिंदीनं आपला घेतला. जाईबाईनं कपाकडे पाहिलं, गंगुबाईकडे पाहिलं. मग कप उचलून संपवला.

"साखर कमी पडली," ती म्हणाली.

"उद्या जास्त घालीन," गंगुबाई म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं खरंच जास्त घातली, आणि जाईबाईला तीही चालली नाही.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मास्तरांनी अठ्ठावीस अर्ज नेऊन दिले. दोन सोडून सगळे मंजूर झाले.

मतदानाच्या दिवशी जाईबाई आणि गंगुबाई सकाळी सातलाच रांगेत लागल्या. घोषणा देऊन देऊन लवूचा घसा बसला होता; तो मफलर गुंडाळून बाजूला उभा होता. आई बाहेर येताच त्यानं जवळ जाऊन विचारलं, "आये, कोणाला दिलंस?"

जाईबाईनं बोटावरची शाई वाळली का ते निरखून पाहिलं.

"ता गुप्त असता," ती म्हणाली, आणि गंगुबाई अजून आत होती म्हणून तिथेच सावलीत तिची वाट बघत बसली.