अवेळी मांडलेल्या बाहुल्या

घरं सजवून द्यायचा माझा धंदा. गिऱ्हाईक आलं की आधी मोबाइलमधला फोटो पुढे करतं: राखाडी भिंत आणि त्यापुढे बुद्धाचं डोकं. राहणार तुम्ही आणि बुद्ध दुकानदाराच्या पसंतीचा! मी सरळ सांगते, तुमच्या माळ्यावर काय पडलंय ते आधी दाखवा. या हट्टापायी दोन-चार कामं हातची गेली, पण खोड काही जात नाही.

श्रीधररावांना मात्र हे पटलं. चामराजपेटमध्ये त्यांचं कापडाचं दुकान, वर घर. एकुलती एक मुलगी भव्या हैदराबादला नोकरीला होती. गेल्या वर्षी तिथेच डेंग्यूने गेली. तेव्हापासून तिच्या आईने, तुंगाबाईंनी, मुलीचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. शेवटी रावांनी जे. पी. नगरला फ्लॅट घेतला आणि माझ्याकडे आले.

"भव्याच्या वस्तू दिसू देत तिला," ते म्हणाले. "रडू दे, भांडू दे. एकदा नाव घेऊ दे, सौम्या. बास."

"काकूंना विचारलंत?"

"विचारलं तर नको म्हणेल. तू कर अम्मा, सरी होईल, सगळं ठीक होईल."

मी लागले कामाला. भव्याच्या शाळेतल्या चित्रांना चौकटी केल्या, तिची वेताची खुर्ची खिडकीशी ठेवली. दारासमोरचा कोनाडा तेवढा रिकामा होता. तिथे घरातलं सगळ्यात जुनं काहीतरी हवं, असं मी म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी राव जुन्या धोतरात गुंडाळलेली बाहुल्यांची जोडी घेऊन आले. तांबड्या लाकडाचे राजा-राणी. तुंगाबाईंना लग्नात माहेरून मिळालेले, पुढे भव्याला द्यायचे. नवरात्रात इकडे घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्यात पहिला मान या जोडीचा. दसरा झाला की आडवं करून झोपवायचं आणि वर्षभर पेटीत ठेवायचं. आमच्या मल्लेश्वरमच्या घरीही हीच रीत आहे.

"नवरात्राआधी काढलेले चालतील ना?" मी विचारलं.

"बाहुल्यांचं सगळं त्या मायलेकी बघायच्या. मी आपला दुकानात. चालतील, चालतील."

मी राणीला जरीचा तुकडा नेसवला, वरून पिवळा दिवा सोडला. खोटं कशाला बोलू, स्वतःवर बेहद्द खूश झाले.

काकू दुपारी रावांबरोबर आल्या. उंबऱ्याशी वाकून एक चप्पल काढली आणि वर पाहिलं. समोर राजा-राणी उभे.

त्यांचा चेहरा इतका उजळला की मला वाटलं, जिंकलो आपण. दुसरी चप्पल पायात तशीच ठेवून त्या आत धावल्या.

"भव्या! कधी आलीस गं? स्वल्प फोन तरी करायचास!"

स्वयंपाकघरात पाहिलं, बाथरूमच्या दारावर थाप मारली, बेडरूममधला पडदा बाजूला केला. राव भिंतीला धरून उभे होते.

"कुठे आहे ती?" बाहेर येऊन काकूंनी मला विचारलं.

"ती आल्याशिवाय आमच्याकडे हे उभे राहत नाहीत," त्या मला समजावून सांगू लागल्या. "रात्रीच्या गाडीने यायची, आंघोळ करायची आणि तिनेच यांना उभं करायचं. एकदा गाडी चुकली तिची, तर नवरात्र सुरू होऊनही हे आडवेच. मी हात लावला नाही." मग त्यांनी रावांकडे पाहिलं. "कुणी उभं केलं?"

"मी," राव म्हणाले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

काकू तिथेच फरशीवर बसल्या. बऱ्याच वेळाने राव जोडी आडवी करायला पुढे झाले, तर त्यांनी हात धरला.

"राहू दे. झोपवायचं पण तिनेच."

परवा राव भेटले. खंगले आहेत. चामराजपेटला परत जाऊ म्हटलं तर काकू तयार नाहीत. राजा-राणी अजून उभेच आहेत, दिवाही त्या मालवू देत नाहीत.

"आणि नाव?" मी भीत भीत विचारलं.

"घेते ना," राव म्हणाले. "बेल वाजली की घेते."