लेबल कोणी लावलं?

ब्युरेटच्या टोकाला लोंबणारा थेंब पडायच्या आधी किंचित लांबट होतो. रसायनशास्त्राच्या बाई त्याच्याकडे बघत होत्या. थेंब पडला, पण खालच्या फ्लास्कमधलं आम्ल गुलाबी झालं नाही. व्हायला हवं होतं. आणखी बरेच थेंब पडल्यावर झालं.

काल ज्या मुलीला त्यांनी "हात थरथरतो का तुझा?" म्हणून झापलं होतं, ती शेजारीच उभी होती.

"म्हणजे माझं बरोबर होतं, बाई?"

"अख्ख्या वर्गाचं उत्तर वेगळं आलं होतं."

"त्यांनी लेबल बघून उत्तर काढलं आणि मग आकडे बसवले."

"आणि तू नाही?"

"इतिहासाच्या मॅडमनी सवय लावलीय. गोष्ट असो की लढाईची हकिगत, आधी विचारायचं, सांगणारा कोण, त्याने स्वतः पाहिलंय का." ती चाचरली. "बाटलीवरचं लेबल कोणी लावलं, बाई?"

अक्षर बाईंचं होतं. ओतताना बाटल्यांची अदलाबदल झाली होती.

दारात इतिहासाच्या मॅडम आल्या. त्या बाईंच्या सख्ख्या वहिनी.

"चल, प्राचार्य थांबलेत. आजही मिठाची गुळणी धरून बसू नकोस."

विज्ञानाच्या मुलांचा साहित्य-इतिहासाचा तास बंद करायचा ठराव होता. मतं समसमान पडली होती. दोन बैठका बाईंनी 'विचार करून सांगते' म्हणत काढल्या होत्या. तास गेला की वहिनींची नोकरीही जाणार होती.

"आणि माझ्याकडे बघून मत देऊ नकोस," जिन्यात वहिनी म्हणाल्या. "तुझ्या दादाला मी बघून घेईन."

बाईंनी बाटली पदराआड धरली होती.

"बोला बाई," प्राचार्य म्हणाले. "कविता आणि सनावळ्या घोकून या पोरांच्या हाती काय लागतं? का वहिनींचं मन मोडवत नाही?"

बैठकीतल्या शिक्षकांपैकी कोणीतरी हसलं. वहिनी खिडकीबाहेर बघत राहिल्या.

बाईंनी बाटली टेबलावर ठेवली.

"हे लेबल माझं आहे आणि ते चुकीचं आहे. माझ्या हुशार वर्गाने त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. एकीने नाही ठेवला, आणि मी तिलाच झापलं."

"ती जरा जास्त हुशार असेल."

"नाही सर. तिला विचारायला शिकवलंय. ते मी नाही शिकवलं."

बाईंनी वहिनींकडे पाहिलं नाही.

"तास बंद करायचा नाही," त्या म्हणाल्या. "हे माझं मत."