ढोलासाठी माइक

गिरधरचे भोंगे नंदुरबारात लग्नाला आणि सभेला ठरलेलेच. कितीतरी पुढाऱ्यांचे बसलेले घसे त्याच्या माइकांनी सावरले होते. पण यंदा भोंगऱ्याच्या बाजारासाठी, होळीआधीच्या आठवड्यात पाड्यापाड्यांवरचे ढोल जमतात त्या जत्रेसाठी, त्याला एकच माइक निवडायचा होता आणि तेवढ्याने त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

माइक रामसिंगसाठी हवा होता. रामसिंग म्हणजे सातपुड्यातला नावाजलेला ढोलवाला. हिवाळ्यात त्याच्या गावी सभा होती. झाडावर भोंगा बांधायला तो आपणहून चढला, आणि "दादा, आखो थोडा वर बांध," असं खालून गिरधरच म्हणाला. रामसिंग खाली आला तो खुब्याचं हाड मोडून. डॉक्टर म्हणाले, काठीने चालेल, पण एवढा मोठा ढोल अंगावर घेऊन पुन्हा उभा राहणार नाही. रामसिंगने शिवीगाळ केली नाही. दवाखान्यातल्या खाटेवरून एवढंच म्हणाला, "भोंगऱ्याले मन्हा पोऱ्या दिवाल्या ढोल वाजाडनार शे. तुन्हा यंत्रमा भरी लई येशी का?" त्याने शिव्या घातल्या असत्या तर गिरधरला निदान जेवण तरी गेलं असतं.

सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर त्याने ओळखीत मागून आणला आणि माइकासाठी सुरत गाठलं. एका परदेशी माइकची किंमत ऐकूनच त्याने हात मागे घेतला. दुसरा होता क्रिस्टलचा, हलका आणि खिशाला परवडणारा. घरी जुना कार्बनचा होताच, पण तो सारखा खरखरायचा. गिरधरने जन्मभर केलं तेच केलं. माइक तोंडाशी धरला आणि "हॅलो, हॅलो, वन टू थ्री" म्हणून पाहिलं. क्रिस्टलमधून अक्षर न् अक्षर स्वच्छ आलं. "उष्णतेपासून जपा हं," दुकानदार म्हणाला. गिरधर खूश होऊन गाडीत बसला. माइक ढोलापुढे लावायचा आहे आणि आपण तो स्वतःच्या तोंडाने तपासला, हे त्या शहाण्याच्या डोक्यातही आलं नाही.

धडगावच्या बाजाराला जाताना वाटेवर त्याने माइकला मूल जपावं तसं जपलं. ऊन लागू नये म्हणून गमछ्यात गुंडाळला. बाजारात ढोलापासून हातभर अंतरावर काठीला बांधला. दिवाल्याने पहिला डाव वाजवला. मग चामडं ढिलं पडलं म्हणून पोरांनी रिवाजाप्रमाणे गवत पेटवलं आणि ढोल शेकायला घेतला. गिरधर भरलेली टेप ऐकत बसला होता. टेपवर ढोल नव्हताच, नुसता कापड टराटरा फाटल्याचा आवाज; एवढा दणका क्रिस्टलला पेललाच नव्हता. तो दचकून उठला तर जाळ माइकच्या पुढ्यातच. उन्हाला जपलं आणि विस्तवाला विसरला. फुंकून पाहिलं, हॅलो म्हणून पाहिलं. माइक मेला होता.

त्याला रडू फुटायचंच बाकी होतं. दिवाल्या जवळ येऊन म्हणाला, "बा वाट पाही ऱ्हायना व्हई. आते एकच डाव शे, मंग आमी निंघनार."

पिशवीच्या तळाशी जुना कार्बनचा माइक होता. ढोल शेकून होईस्तोवर गिरधरने तो जोडला. पण पोरांनी ढोल तपासायला थाप मारली की माइक गुदमरायचा, डबा बडवल्यागत वाजायचा. गिरधर दहा पावलं मागे सरला, वीस सरला. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. लाजबिज सोडून तो वायर ओढत बांगडीवाल्याच्या पालामागच्या टेकाडावर चढला आणि माइक पळसाच्या फांदीला टांगला. शेवटचा डाव त्याने तिथून भरला. टेपवर ढोल आला. त्याबरोबर बायकांची गाणी, बकऱ्या, भाव करणारी माणसं आणि खरखरही आली. असला कचरा रामसिंगपुढे कोणत्या तोंडाने न्यायचा, हा विचार त्याला बसमध्ये नंदुरबारपर्यंत पोखरत राहिला.

दवाखान्यात त्याने यंत्र उशाशी ठेवलं. "दादा, बरं भरायनं नही. चांगला माइक मी जाळी टाका."

टेप फिरू लागली. आधी रामसिंगची बोटं चादरीवर ठेका धरत होती, मग थांबली. डाव संपला तरी तो छताकडे बघत होता. गिरधरला वाटलं, आता बोलणार, आता आपल्याला आपल्या पापाचं माप मिळणार. खरं तर त्याला तेच हवं होतं.

"यंत्र दूर ठेयेल व्हतं का?" रामसिंगने विचारलं.

"हा. टेकाडवर. कार्बनले ढोल जवळ सहन व्हत नही."

"चाळीस होळ्या मी ढोलना मांगे उभा व्हतू," रामसिंग हळू म्हणाला. "लोकेसले ढोल कसा आयकू येस, ते माले आज समजनं. आते मी बी लोकेसमाच."

गिरधरला मान वर करवेना.

"आखो एक डाव लाव," रामसिंग म्हणाला, आणि गिरधर टेप मागे फिरवू लागला.