पवनबाबाचा चाकर

सत्तर सालच्या मे महिन्यात हिंगणा रोडवर धूळ शहराकडे पळत होती, बाभळी वाकत होत्या. आणि उघड्या ट्रकवर बसलेल्या पवनबाबाच्या हातातल्या निरांजनाची ज्योत ताठ उभी होती. सोबतचे भक्त एका हाताने सायकलचे हँडल धरून दुसऱ्याने नमस्कार करत होते.

"वारा माझा चाकर आहे," बाबा गर्जला. "ज्याच्या अंगावरून वारं गेलं, त्याचं वारं मी परत बोलावतो. गोळ्या फेका. गोळीनं वारं रुसते."

बाबाशेजारी कवडू बसला होता. महिन्यापूर्वी त्याच्या अंगावरून वारं गेलं. डावा हात लुळा, तोंड वाकडं. त्याची बायको कौशल्या सीताबर्डीला पोचताच त्याच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या बाबाच्या पायाशी टाकणार होती. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शेजारच्या कुसुमताईंचं तिने ऐकलं नव्हतं. त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर मात्र ती हक्काने बसली होती.

"पाहा वं ताई, ज्योत हालून नाही राहिली."

"माझा पदरही हालून नाही राहिला. मीही सिद्ध झाली वाटते."

बोलता बोलता कुसुमताईंनी ब्रेक दाबला. थांबताच पाठीवर वारा आदळला आणि पदर तोंडावर आला. त्या हसल्या. ट्रक वाऱ्याच्याच दिशेने, वाऱ्याच्याच वेगाने चालला होता. मग ज्योतीला वारा लागणार कसा? ड्रायव्हरची नजर बॉनेटवरच्या पताकेवर होती. ती मागे उडाली की तो गाडी हळू करी, पुढे उडाली की जोरात.

जकात नाक्यावर ट्रक थांबला. बाबाने झटकन निरांजन शालीआड घेतलं. तेवढ्यात कुसुमताई पोचल्या.

"बाबा, आता गाडी हिंगण्याकडे वळवा. ज्योत झाकू नका."

"उलटं जाणं अशुभ."

"चाकर तुमचा, अन् कामाले एकाच रस्त्यानं येते?"

गर्दीत हशा पिकला. "वळव गा गाडी," कोणी ओरडलं. ट्रक वळून जरा वेग घेतो न घेतो तोच बाबाला निरांजन शालीबाहेर काढावं लागलं. ज्योत विझली आणि बाबाची दाढी खांद्यावर गेली. गाडी थांबली.

"विटाळ झाला," बाबा पुटपुटला.

"वेग झाला," कुसुमताई म्हणाल्या. "मघा ज्योतीले लागणारा वारा शून्य होता, आता वाऱ्यात गाडीचाही वेग मिळाला."

कौशल्या कवडूकडे पाहत गोंधळली. "पण ताई, याच्या अंगावरून वारंच गेलं ना?"

"ते नुसतं नाव आहे वं. मेंदूतली रक्ताची नळी तुंबली. झाडं हालवणारा वारा तिथं जात नाही, अन् गोळीवर रुसतही नाही. डोळ्यांनी पाहिलं तरी एकदा थांबून पाहावं, एकदा उलटं जाऊन पाहावं. खरं असेल ते तिकडूनही खरंच दिसते."

ट्रकवरून कवडूने उजवा हात पुढे केला. वाकड्या तोंडातून शब्द सावकाश आले.

"गोळी दे वं. सकाळची राहिली."