दुलईवरचं नाव

आमच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव ठेवतात. विचारत बसत नाहीत. म्हणून सुनेला आठवा लागला तेव्हाच मी दोन कामं उरकून टाकली. बाळ बघायला येणाऱ्यांसाठी बरणीभर मनुका खडीसाखर घालून ब्रँडीत मुरत ठेवल्या आणि पाळण्यातल्या दुलईवर निळ्या दोऱ्याने नाव भरलं, आइलर्ट. माझ्या नवऱ्याचं. मी स्वतः त्याला 'ए म्हातारबा' म्हणूनच हाक मारते, ती गोष्ट वेगळी. मुलगी झाली तर काय, असं शेजारणीने विचारलं होतं. मी सुईत पुढचा दोरा ओवला.

मुलगाच झाला. मंगळवारी बाळबाळंतीण घरी आली. नावाचा कागद शुक्रवारी नोंदणी कचेरीत द्यायचा होता आणि बुधवार उलटला तरी कागद कोरा तो कोराच.

"नाव लिहायला एवढा वेळ?" मी हौकेला, माझ्या मुलाला, विचारलं. त्याने बायकोकडे बघितलं. आमची व्हेरोनिका दक्षिणेची, डोंगरातली. तिच्या मांडीवर नावांचं पुस्तक होतं.

"आई, रागावू नका. आइलर्ट म्हणजे तलवारीची टणक धार. एवढ्याशा जिवाला?"

"आणि तुमच्याकडची नावं काय लोण्याची असतात? वोल्फगांग म्हणजे लांडग्याची चाल. बेर्नहार्ट म्हणजे अस्वलासारखा दणकट. गेरहार्ट म्हणजे भाला."

ती हसली. "आपले पूर्वज पोरांना पाळण्यातूनच लढाईला धाडत होते वाटतं." मग हळूच म्हणाली, "अर्थाचं एवढं काही नाही, आई. त्याला त्याचं स्वतःचं नाव असावं, असं आम्हाला वाटतं. फक्त बाबांना कसं सांगायचं ते सुचत नाही."

"सांगूच नका. तो बोलत नाही, पण मनाला लावून घेतो," मी म्हटलं. खरं सांगायचं तर मलाच राग आला होता. रात्ररात्र डोळे फोडून भरलेली दुलई काय गुंडाळून ठेवायची?

म्हाताऱ्याचं मात्र काही कळत नव्हतं. रोज सकाळी टोपी घालून बाहेर पडायचा तो दुपारी यायचा. नातवाला त्याने एकदाही उचलून घेतलं नाही. मुलांच्या मनातलं त्याला कळलं आणि तो रुसला, असं मी धरून चालले.

गुरुवारी दुपारी शेजारीपाजारी आले. मनुकांचे पेले फिरले. हिंडेर्क, आमचा दूधवाला शेजारी, दुलईकडे बोट दाखवून म्हणाला, "आला म्हणायचा दुसरा आइलर्ट." सगळे हसले. म्हातारा आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभा होता.

पाहुणे गेल्यावर तो पाळण्यापाशी आला. दुलईवरच्या अक्षरांवर त्याने तळहात ठेवला.

"हे काढ."

"मुलं काही बोलली का तुला?"

"कुणी काही बोललं नाही. मीच सांगतोय. दुसरा नाही, तिसरा होईल हा. चर्चमागचा तो लहान दगड तुला माहीत आहे."

माहीत होता. त्याच्या थोरल्या भावाच्या थडग्याचा. दोन वर्षांचं पोर घशाच्या आजाराने गेलं होतं. पुढच्या वर्षी हा जन्मला, तेव्हा घरातलं नाव बुडू नये म्हणून तेच ह्याला ठेवलं. तेव्हा तसंच करत.

"मी वाचायला शिकलो ते त्या दगडावर," तो म्हणाला. "माझंच नाव, आणि खाली मेल्याची तारीख. आईला मला हाक मारायला जमायचं नाही. 'आइल-' म्हणायची आणि थांबायची. मग म्हणायची, 'अरे पोरा'. मरेपर्यंत 'अरे पोरा'च. हे नाव मी त्याच्यासाठी सांभाळलं. आता पुरे. ह्याच्या गळ्यात नको."

एक्केचाळीस वर्षं मी त्या दगडाशी फुलं ठेवत आले आणि ह्या माणसाला एका शब्दाने कधी विचारलं नाही. फार लाज वाटली मला.

हौके दाराशी उभा होता. "मग काय ठेवायचं, बाबा?"

"तुम्ही ठरवा. मला विचाराल तर ओन्नो."

व्हेरोनिकाने पुस्तक उघडलं. "ओन्नो. अर्थ खात्रीने सांगता येत नाही."

"चांगलं आहे की," म्हातारा म्हणाला.

"पण ओन्नोच का?"

म्हातारा टोपी कुरवाळत राहिला. "तीन दिवस चर्चमागच्या दफनभूमीत फिरतोय. एकूणएक दगड वाचला. ओन्नो नावाचा एकही नाही."

व्हेरोनिकाने पुस्तक मिटलं. तिने बाळ उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

"ओन्नो," तो म्हणाला. कुठेही न थांबता. मग पुन्हा म्हणाला.

कागद हौकेने तिथेच भरला. संध्याकाळी म्हातारा माझी छोटी कात्री घेऊन टेबलाशी बसला आणि दुलईवरचा निळा दोरा उसवू लागला. मी करते म्हटलं तर ऐकेना. टाक्यांची भोकं मात्र राहिलीच. मी चहा ओतला, त्याच्या कपात खडीसाखरेचा खडा टाकला आणि नेहमीसारखं 'ए म्हातारबा' म्हणायला तोंड उघडलं. मग लक्षात आलं की ह्या घरात त्याला नावाने हाक मारणारं कधी कुणी नव्हतंच. मीही नाही.

"आइलर्ट," मी म्हटलं, "चहा गार होतोय."

आपल्यालाच हाक मारली, हे कळायला त्याला जरा वेळ लागला.