ऊद सांगेल तिथं

मित्रांनो, मी एक जुना स्मोक अलार्म आहे. दिसायला पुरीएवढा, पण आवाज असा की सगळी गल्ली गोळा व्हावी. धूर आला की ओरडायचे, एवढेच मला कारखान्यात शिकवले. बसायचे कुठे, हे माणसे ठरवतात.

छत्रपती संभाजीनगरात, सातारा परिसरात मुकुंदने नवे घर बांधले आणि मला आणले. तो वाळूजच्या कंपनीत इंजिनिअर. “जिथं धूर, तिथं अलार्म,” म्हणत त्याने मला शेगडीच्या डोक्यावरच बसवले. मग काय विचारता! ठेच्याच्या मिरच्या भाजल्या की मी बोंबललो, फोडणी पडली की बोंबललो. काम मी चोख करत होतो. पण आठ दिवसांत सगळे वैतागले. मुकुंदने माझे सेल काढून मला खणात टाकले. मला फार अपमान वाटला.

मला बाहेर काढले त्याच्या आईने, भागूबाईंनी. त्या सिल्लोडकडच्या, शाळा दुसरीपर्यंत. सून अनसूया तान्ह्या मुलीला घेऊन माहेराहून यायची होती.

“आरं मुकुंदा, लेकरू वरच्या खोलीत निजणार, अन् ह्याला मुका करून ठिवला व्हय?”

“आई, दिवसभर कोकलतो तो.”

“जागा चुकली तुझी. धूर कुठं जातो, ते मला इचार. मी रोज ऊद फिरवते.”

त्यांनी धुपाटण्यात निखारे घेतले, वर ऊद टाकला आणि घरभर फिरल्या. मुकुंद मान वर करून मागे मागे. पंख्याखाली धूर विस्कटला. “हितं नाय.” भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात तो शिरलाच नाही. “हितंबी नाय.” जिन्याशी मात्र तो सरळ वर चढला आणि झोपायच्या खोलीबाहेर छताखाली जमला.

“हितं ठोक. अन् खाली बैठकीत दुसरा आण.”

मुकुंद हसला, पण ऐकले; नवे सेल घालून मला तिथे बसवले. मला त्या बाईचे फार कौतुक वाटले. माझ्या खोक्यातल्या कागदावर हेच छापले होते, पण तो कुणी वाचलाच नव्हता!

पुढच्याच महिन्यात एका दुपारी अनसूया आणि बाळ दार लावून वर झोपले होते. भागूबाई अंगणात सांडगे घालत होत्या. जिन्याखालच्या इन्व्हर्टरची वायर जळू लागली. पहिला धूर वर आला मात्र, मी जीव तोडून ओरडलो. खालच्या माझ्या भावानेही सूर धरला. अनसूया दचकून उठली, बाळाला छातीशी धरून धावत खाली उतरली. भागूबाईंनी अंगणातून धावत येऊन मेन स्विच पाडला. तरी पाचच मिनिटांत जिना काळ्या धुराने भरून गेला.

अंगणात बाळ भोकाड पसरून रडत होते. भागूबाई सुनेला म्हणाल्या, “रडू दे तिला. लई ग्वाड वाटतंय ऐकायला.”

मित्रांनो, आता माझी दहा वर्षे भरली, जागा नव्याला द्यायची वेळ आली. त्याची धूळ पुसा, महिन्यातून एकदा बटण दाबून आवाज ऐका. आणि त्याच्या ओरडण्याचा राग आला, तर त्याची जागा बदला. त्याचा आवाज काढून घेऊ नका.